म्युस्कासोबत चॉकलेट नको: फ्रेंच फोर्टिफाइड गोड वाइन पिताना या चुका टाळा

लेबलावर ‘व्हँ दू नात्युरेल’ (शब्दशः ‘नैसर्गिक गोड वाइन’, या वाइनचं फ्रेंच नाव) दिसलं की ‘नात्युरेल’ म्हणजे वरून काही घातलेलं नाही, असा समज होतो. घातलेलं असतं. रस आंबत असताना मध्येच त्यात ९५-९६ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, रसाच्या ५ ते १० टक्के. यीस्टचं काम तिथेच थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. नैसर्गिक आहे ती ही साखर. अल्कोहोल १५ टक्के किंवा त्याहून जास्त, त्यामुळे ६० ते ७५ मिली पुरे. ग्लास मात्र नेहमीचा पांढऱ्या वाइनचा घ्या. लिकरच्या अंगठ्याएवढ्या ग्लासात नाक जात नाही आणि निम्मी मजा वासातच असते.

आता डोकं उठवणारी चूक. ‘डेझर्ट वाइन आहे ना, मग कुठल्याही डेझर्टबरोबर चालेल!’ जेवण संपत आलंय, ताटलीत ७० टक्के कोकोचा टार्ट, शेजारी बोम-द-व्हनीझ गावचं थंडगार म्युस्का, याच प्रकारची एक गोड वाइन. टार्टआधीचा घोट सुरेख: संत्र्याची फुलं, जर्दाळू, ताजी द्राक्षं. टार्टचा घास खाऊन दुसरा घोट घ्या. फुलं गायब, जिभेवर साखरपाणी, घशाशी स्पिरिटची जळजळ. यजमान बाटलीवर खापर फोडतो, कोणीतरी ‘बर्फ टाक’ म्हणतं, बर्फ पडतो आणि होता नव्हता तो वासही जातो. बाटलीत काहीच खोट नव्हती. म्युस्का पांढऱ्या द्राक्षाचं, टॅनिन (सालींतला तुरटपणा) जवळजवळ नाही, सगळी पुंजी सुगंधाची. कोकोच्या कडवटपणापुढे ते उभंच राहत नाही.

त्याच टार्टला बान्यूल्स किंवा मोरी या लाल गोड वाइन द्या. ही दोन्ही स्पेनच्या सीमेजवळच्या रूसियोंमधली, मुख्यतः काळ्या ग्रेनाश द्राक्षाची. इथे बऱ्याचदा स्पिरिट सालींसकट लगद्यावर ओततात, त्यामुळे सालींतला रंग आणि टॅनिन वाइनमध्ये उतरतं. चेरी, काळं अंजीर आणि जराशी तुरट पकड, कोकोला हेच हवं असतं. मिल्क चॉकलेट मात्र इथेही नको; त्याच्या गोडीपुढे वाइन पातळ लागते. म्युस्काला जर्दाळूचा टार्ट, पिकलेलं खरबूज किंवा रोकफोर चीज द्या.

वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, हे गणित सोडू नका. म्युस्कात लिटरला साधारण १०० ते १२५ ग्रॅम साखर असते. गुलाबजामच्या पाकात वजनाच्या निम्मी किंवा त्याहूनही जास्त. फ्रान्सहून हौसेनं आणलेली बाटली गुलाबजामबरोबर उघडली, तर ती आंबट आणि रोडकी लागणारच. तिच्यासोबत खारे बदाम किंवा ताजी अंजिरं ठेवा.

दुसरी चूक लेबल न वाचण्याची. ‘बान्यूल्स’ किंवा रूसियोंमधलीच ‘रिव्हझाल्त’ हे नाव पाहून बाटली उचलतात आणि पुढचा शब्द सोडून देतात, खरं तर सगळं त्या शब्दातच असतं. बान्यूल्सवर ‘रिमाज’ किंवा रिव्हझाल्तवर ‘ग्रेनाऽ’ म्हणजे हवेपासून जपलेली, लाल फळांची तरुण वाइन. ‘आंब्रे’ आणि ‘त्यूइले’ म्हणजे मुद्दाम हवा लागू दिलेली. पिंपात मुरवलेली, काही ठिकाणी तर काचेच्या मोठ्या घागरींत भरून उघड्यावर, उन्हापावसात ठेवलेली. रंग तपकिरी, वास अक्रोड, सुकलेली संत्र्याची साल, कॅरॅमल, कॉफी. हे पाहून ‘खराब झाली’ म्हणत बेसिनमध्ये ओतणारे महाभाग आहेत! जुन्या बाटलीतल्या त्या अक्रोडी वासाला रूसियोंमध्ये ‘रान्सियो’ म्हणतात आणि त्यासाठीच जास्त पैसे मोजतात. आंब्रेला अक्रोडाचा टार्ट, रोकफोर, नाहीतर त्याच भागातलं क्रेम कातालान हे कस्टर्ड द्या. त्यूइलेला कॉफीच्या चवीचं काहीही.

उघडल्यावरचा हिशोबही यावरच. म्युस्का आणि रिमाज बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. आंब्रेला हवेची सवय आधीच असते, ती महिनाभर सहज टिकते.

थंडपणाचा अतिरेक ही उतावळ्यांची खोड. बाटली फ्रीझरमध्ये कोंबू नका, फ्रिजमध्ये तीन तास द्या. म्युस्का ८ ते १०, आंब्रे १२ ते १४, रिमाज १५ अंशांच्या आसपास.

म्युस्का वर्षानुवर्षं जपून ठेवू नका. फुलं उडून जातात आणि नुसती गोडी उरते. दोन-तीन वर्षांत पिऊन टाका.

सोतेर्न हीही फ्रान्सची गोड वाइन, पण तिला यांच्यात धरू नका, त्यात स्पिरिट नसतंच.

जुन्या रिमाजच्या तळाशी गाळ साचतो. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, हळूच ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. कापडातून गाळायची घाई केलीत, तर ग्लासात आधी धुण्याच्या पावडरीचा वास येईल.