ख्रिस्ती लग्नघरात हळद कशी करावी

लग्न ठरलं की आमच्या महिला मंडळातल्या बायका हॉल, जेवण, पत्रिका सगळं बाजूला ठेवून आधी एकच विचारतात, "बाई, हळद लावली तर पाळकसाहेब काही म्हणतील का?" (पाळकसाहेब म्हणजे आमचे चर्चचे धर्मगुरू.) मी नगरची. शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे, आणि मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांतल्या, बऱ्याच लग्नघरांत आदल्या दिवशी पदर खोचून उभी असते. तेव्हा हे एकदाच सविस्तर लिहून टाकते. ज्यांच्या घरात आजी एक म्हणते, मामाकडची हिंदू माणसं दुसरं म्हणतात आणि नवरी मोबाइलवर तिसरंच काही पाहत बसलेली असते, त्यांच्यासाठी.

पत्रिका छापायला टाकण्याआधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एका खोलीत बसवा. चहा ठेवा, कागद घ्या आणि जे जे करायचं मनात आहे ते सगळं लिहून काढा: साखरपुडा, हळद, मेंदी, हिरवा चुडा, मंगळसूत्र, अक्षता, वरात, डीजे. मग प्रत्येकापुढे दोन प्रश्न विचारा. हे केलं नाही तर काही वाईट होईल अशी भीती घरात कोणाला वाटते का? आणि हे करताना कोणाला मागं उभं राहावं लागतं का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर बेलाशक करा. पहिल्याचं 'हो' आलं तर ती गोष्ट सोडा. देवक बसवणं, लिंबू उतरवून टाकणं, पत्रिका जुळवणं हे सगळं तिथंच गळतं, वाद घालावा लागत नाही. दुसऱ्याचं 'हो' आलं तर पद्धत बदला. ते कसं, ते खाली सांगते.

बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला मांसाबद्दल लिहिलं ते आठवा. बाजारात जे विकायला असतं ते चौकशी न करता खा. पण समोरचा म्हणाला की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, तर त्याच्यासाठी म्हणून खाऊ नका. किराणा दुकानातल्या हळदीला धर्म नसतो. पण तुमच्याच घरात एखादा जावई नुकताच विश्वासात आलेला, म्हणजे ख्रिस्ती झालेला असेल, देव्हारा सोडताना त्याने घरच्यांशी भांडण ओढवून घेतलेलं असेल, आणि पाट-चौरंग पाहून त्याच्या पोटात कालवत असेल, तर त्याला बाजूला घेऊन आधी विचारा. अशा माणसासाठी मी एका घरात पाटाऐवजी साधी खुर्ची ठेवायला लावली होती. कोणाचं काही बिघडलं नाही.

हळद ही 'त्यांची' आणि आपण ती चोरून आणलेली, असं वाटणाऱ्यांना मी इतिहासच सांगते. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली हुकूमच काढला होता की ख्रिस्ती लग्नांत नवरा-नवरीला हळद, दूध, खोबरेल लावायचं नाही, विड्याची पानं वाटायची नाहीत, ओव्या म्हणायच्या नाहीत. दंडाची भीती होती. तरीही आज गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी 'रोस' होतो, म्हणजे नारळाचं दूध अंगाला लावून न्हाऊ घालतात. मुंबईचे ईस्ट इंडियन, म्हणजे तिथले मूळचे ख्रिस्ती, वाजतगाजत विहिरीवर जाऊन 'उंबराचं पाणी' आणतात. आमच्याकडे अमेरिकन मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. त्या साहेबांना या गोष्टी फारशा रुचत नसत, आणि आमच्या आज्यांनी त्यांचा मान राखून हळद कमी केली, बंद मात्र केली नाही. पाळकसाहेबांशी बोलताना हे वादासाठी वापरू नका. "चालेल का?" असंही विचारू नका, कारण त्या प्रश्नाला 'नाही' म्हणणं सोपं असतं. कार्यक्रमाचा कागद त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "पाळकसाहेब, सुरुवातीला तुम्ही प्रार्थना करावी अशी आमची इच्छा आहे. यातलं काय बदलावं?" बहुतेक वेळा ते डीजेवर बोट ठेवतात, हळदीवर नाही. आणि डीजेच्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूची आहे.

आता प्रत्यक्ष हळद. लग्नाच्या दिवशी सकाळी मुळीच नको, आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत उरका. पांढऱ्या साडीवर किंवा गाऊनवर पिवळी मान फोटोत फार वाईट दिसते, आणि ओल्या हळदीचा हात पांढऱ्या सॅटिनला लागला तर तो डाग जात नाही. डाळीचं पीठ, दही आणि थोडीच हळद असं मिश्रण करा. रंग कमी चढतो आणि धुतलाही जातो. नवरीच्या चेहऱ्याला एखाद्या क्रीमची ॲलर्जी असेल तर तिथं हळद लावू नका, हातापायांना पुरे. रांगोळी हौसेने काढा, पण तिच्यात क्रूस काढू नका. काढणारी भक्तीने काढते, आणि तासाभरात पोरं त्यावरून नाचत असतात.

क्रम असा ठेवा. आधी 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं घ्या, कारण ते मामाकडच्यांनाही अभंगासारखं कानाला ओळखीचं वाटतं आणि तेही टाळ्या धरतात. मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातलं काना गावचं लग्न वाचा, जिथं द्राक्षारस सरल्यावर येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. ते वाचायला घरातल्या शाळकरी मुलाला उभं करा, मोठी माणसं वाचतात तेव्हा उपदेश सुरू होतो. मग प्रार्थना, दोन मिनिटांची. मग हळद.

आणि इथंच थांबून नीट वाचा, कारण माझ्या मते ख्रिस्ती हळद ओळखायची असेल तर ती इथं ओळखू येते. हळद पहिली कोण लावणार? आपल्याकडे न बोलता पाच सवाष्णींना पुढं केलं जातं आणि विधवा मावशी, आत्या, आजी स्वयंपाकघरात 'भाजी बघते' म्हणून निघून जातात. वर क्रूस टांगला, खाली प्रार्थना केली, आणि आजी भाजी बघत बसली, तर मग काय उपयोग? पंडिता रमाबाई स्वतः विधवा होत्या. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. (आमच्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं.) त्यांचं नाव आपण भाषणांत घेतो, मग लग्नघरातही घेऊ.

पण हे जाहीरपणे करायला जाऊ नका. "आता आपण विधवा भगिनींना मान देऊ या" असं कोणी माइकवर म्हटलं की त्या बाईला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. तिची स्वतःची भीतीही मोठी असते. "नको गं, माझा हात नको, पोरीचं काही बरंवाईट झालं तर?" वर्षानुवर्षं ऐकवलेलं असतं, ते एका दुपारी कसं जाईल? म्हणून आठवडाभर आधी नवरीने स्वतः तिच्याकडे जावं. आईने नव्हे, काकूने नव्हे. "आजी, पहिली हळद तूच लावायची, नाहीतर मी बसणार नाही," एवढंच म्हणावं. हळदीच्या दिवशी वाटी तिच्या हातात देऊन तिला आधीच जागेवर बसवून ठेवा, म्हणजे ऐनवेळी ती उठून जाणार नाही. मग बाकी सगळ्यांनी लावावी: घटस्फोटित आत्या, बिनलग्नाची मावशी, मूल नसलेली वहिनी, शेजारच्या शेखकाकू, आणि पुरुषही. क्रम लावूच नका, गर्दी होऊ द्या.

मामाकडून कोणी कुरकुर केली तर त्यांच्याशी धर्मावर बोलू नका. "आमच्यात असंच असतं, मामा," म्हणा आणि त्यांच्या हातात सरबत द्या.

गाण्यांचं म्हणाल तर सिनेमातली दोन-चार लागणारच, लागू द्या. पण ओव्या म्हणणारी एखादी म्हातारी मिळाली तर तिला सोडू नका. आमच्या मंडळातल्या बायका जोडून म्हणतात:

पहिली माझी ओवी गं, काना गावच्या मांडवाला
द्राक्षारस सरला, कोण येई गं धावायाला

पुढच्या ओळी ज्या त्या घरच्या, नवरीचं आणि तिच्या आईचं नाव घालून. यात दोष काय, हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही.

मंगळसूत्राबद्दल थोडक्यात. बहुतेक पाळक अंगठ्यांच्या पाठोपाठ ते घालू देतात, पण आधी विचारून उपासनेच्या क्रमात लिहून घ्या, वेदीपुढे खिशातून काढू नका. पदकात क्रूस घालतात, काही जणी दोन वाट्या ठेवून मध्ये क्रूस लावतात. केरळच्या सिरियन ख्रिस्ती बायकांच्या मिन्नूवरही, म्हणजे त्यांच्या मंगळसूत्राच्या पदकावरही, क्रूस असतो, त्यामुळे हे काही आपलंच वेगळं नाही. नवऱ्या मुलाने नवरीच्या डोक्यावरच्या पांढऱ्या जाळीखालून (व्हेलखालून) हूक लावायचा सराव आदल्या दिवशी करावा. करवलीने मागून मदत केली तर फोटोत तिचाच हात येतो. आणि मंगळसूत्र म्हणजे नवऱ्याचं आयुष्य, असं कोणी नवरीच्या कानात सांगत असेल तर तिथंच हसून थांबवा. दागिना आहे, शपथेची खूण आहे, तेवढं पुरे. टिकली लावायची की नाही ते नवरी ठरवेल, त्यासाठी बैठक नको.

पांढरी साडी पाहून हिंदू आज्या हळव्या होतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही येतं. भांडू नका. मोतिया रंगाची, जरीच्या काठाची पैठणी घ्या. चर्चमध्ये पांढरी वाटते आणि मांडवात पिवळसर.

तारखेचं सोपं आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ टाळा, नाताळाआधीच्या आगमनकाळाबद्दल आपल्या मंडळीची रीत विचारा. पंचांग आपण पाळत नाही, पण पाहायला हरकत नाही: ज्या दिवशी मुहूर्त नसतो त्या दिवशी मंगल कार्यालय रिकामं असतं आणि भाव करता येतो. कोणाची हरकत आहे का हे विचारण्यासाठी चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं वाचायला ओळीने तीन रविवार लागतात, तेवढे हाताशी ठेवूनच तारीख पक्की करा.

आपल्याला मुहूर्त नसला तरी घड्याळ आहे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लागायला हवं; खास परवान्याची सूट काही पंथांच्या पाळकांनाच आहे. म्हणून वरात लग्नाआधी नको, नंतर काढा. आधी काढली की मित्रमंडळी चौकात नाचत बसतात आणि इकडे पाळकसाहेब मनगटाकडे बघत असतात. दोघांतलं एकच ख्रिस्ती असेल तरी या कायद्याने लग्न लागतं, पण तुमची मंडळी लावून देईल का, हे आधी विचारून घ्या. नसेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, त्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते.

रजिस्टरवर सही करताना नावं आधार कार्डावर आहेत तशीच लिहिली आहेत ना, हे दोन साक्षीदारांपैकी एकाने चष्मा लावून तपासावं. घरी सगळे 'बेबी' म्हणतात म्हणून तिथं बेबी लिहिलं, तर पुढे पासपोर्टच्या वेळी त्रास होतो. दाखल्याच्या दोन प्रती त्याच आठवड्यात मागून घ्या.