गिश्वातीला निघताय? आधी स्वेटर भरा

स्वेटर. यादीत पहिला तोच, आणि खाली पुन्हा येणार आहे, कंटाळू नका. आफ्रिकेतला रवांडा विषुववृत्तापासून दोनच अंशांवर, म्हणून मागच्या वेळी मी नुसते सुती कपडे भरले. पण तिथलं गिश्वातीचं जंगल, जिथे चिंपांझी बघायला जातात, दोन हजार मीटरच्या वर आहे, आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. हे वाचलेलं होतं, पण बॅग भरताना डोक्यात आलंच नाही. पहिल्याच दुपारी पावसाने गाठलं. ओला शर्ट रात्रभर खुर्चीवर टाकला, तो सकाळी तसाच ओलागार. नाक वाहायला लागलेलं. चिंपांझींकडे निघताना गाइडने माझा खोकला ऐकला आणि मला थांबवलं. त्याचं बरोबरच होतं. आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते, आणि २००८ च्या सुमारास इथे चिंपांझी उरले होते जेमतेम तेरा. बरोबरचे बाकीचे पर्यटक पुढे गेले. मी वऱ्हांड्यात बसून पलीकडच्या झाडीतला चिंपांझींचा आवाज ऐकला, आधी दबकं हू-हू, मग चढत चढत एकदम किंकाळ्या. एवढ्या लांब जाऊन मी त्यांना फक्त ऐकलं.

म्हणून आतून गरम इनर, वर स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर पाणी न शिरणारं जॅकेट. छत्री झाडीत अडकते, नको. जून ते सप्टेंबर कोरडा हंगाम, तेव्हाही पहाटे थंडी असतेच. ‘कोरड्या दिवसांत चाललोय, कशाला’ असं म्हणून स्वेटर बाहेर काढू नका.

पासपोर्ट, विमा, औषधं तुम्हाला सांगायला नकोत. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून येणार असाल तर परतल्यावर भारतातल्या विमानतळावर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

चिवडा-लाडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. रवांडात २००८ पासून या पिशव्यांवर बंदी आहे आणि विमानतळावर काढून घेतात. डबे आणि कापडी पिशव्या घ्या.

तारखा ठरवताना महिन्याचा शेवटचा शनिवार बघा. त्या सकाळी ‘उमुगांडा’ असतो, म्हणजे गावंच्या गावं श्रमदानाला उतरतात आणि साधारण अकरापर्यंत रस्त्यावर वाहतूक जवळजवळ नसते. राजधानी किगालीहून निघायचा दिवस तो नको. आणि जंगलासाठी एक दिवस जादा ठेवा. मी ठेवला असता तर बरं वाटल्यावर पुन्हा विचारता तरी आलं असतं.

बूट घोट्याच्या वर येणारे. मोजे लांब, पॅन्ट मोज्यात खोचायची. का, ते मुंग्यांची रांग ओलांडताना कळेल. मुंग्या आधी गुपचूप गुडघ्यापर्यंत चढतात आणि मग चावतात. खाजऱ्या पानांसाठी हातमोजे. पायवाट अजिबात सोडायची नाही. १९७० च्या दशकात इथे सुमारे २८,००० हेक्टर जंगल होतं. गुरांची कुरणं झाली, शेती झाली, १९९४ च्या नरसंहारानंतर घरदार गेलेली माणसं इथे वसली, आणि शतक सरताना उरलं सुमारे ६०० हेक्टर. उघड्या डोंगरांच्या दरडी खालच्या गावांवर यायला लागल्या. मग लोकांनी पुन्हा देशी झाडं लावली, जंगलही आपलं आपण वाढू दिलं. मुकुरा नावाच्या दुसऱ्या जंगलाचा तुकडा जोडून २०१५ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान ठरलं. तुमच्या बुटाखाली येणारं वीतभर रोप कुणाच्या तरी हातचं असू शकतं.

गावासाठी वेळ राखाच, उरला तर बघू असं करू नका. मधपाळ, टोपल्या विणणाऱ्या बायका, झाडपाल्याचं औषध देणारे वैद्य, हे सगळं आधी सांगून ठरवावं लागतं. उद्यानांच्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा आसपासच्या लोकांना जातो, पण टोपली विकत घेतली की पैसे थेट विणणारीच्या हातात पडतात. त्यासाठी रवांडन फ्रँकच्या सुट्या नोटा घ्या. घासाघीस नको. फोटो विचारून. ‘मुराहो’ म्हणजे नमस्कार, ‘मुराकोझे’ म्हणजे आभार, एवढं पाठ करा. त्या कुरणांवरच्या दुधाचं चीज मिळतं, जरूर घ्या.

राहिलेलं पटापट. दुर्बीण, मास्क, पाणी, टॉर्च, पॉवर बँक. फ्लॅश बंद. जंगलात खाणं नाही. शिंक आली तर चिंपांझींकडे पाठ फिरवून, कोपरात. ताप किंवा खोकला असेल तर स्वतःहून सांगा, लपवू नका. कोरडे मोजे दोन जोड, एक सॅकमध्ये.

आणि स्वेटर चेक-इनच्या बॅगेत नाही, हातातल्या बॅगेत. चेक-इनची बॅग एक दिवस उशिरा आली तरी तो अंगावर हवा.