मेक्सिकोतील मिशनवर राहायला जाताना: बेळगाव-खानापूरकडील स्वयंसेवकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील तरुण-तरुणी अलीकडे परदेशातील एखाद्या मिशनवर काही महिने राहून सेवा करण्याची चौकशी करताना दिसतात, आणि त्यांपैकी काहींच्या मनात मेक्सिको असतो. मेक्सिको हा अवाढव्य देश असल्यामुळे सगळीकडे लागू पडेल असे मार्गदर्शन करणे शक्य नाही. उत्तरेकडील चिवावा राज्यात, तारौमारा डोंगरांतील रारामुरी या आदिवासी लोकांमध्ये काम करणाऱ्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) मिशनवरील थंडी, अंतरे आणि एकाकीपणा वेगळा, आणि दक्षिणेकडील चियापास राज्यातील खेडी वेगळी. पुढील सूचना प्रामुख्याने चियापासमधील त्सेल्तालभाषक गावांना, म्हणजे १९५८ पासून जेथे जेझुइटांचे बाचाहोन मिशन आहे त्या भागाला, धरून लिहिल्या आहेत.

कागदपत्रे

पासपोर्टचे काम बेळगावातच होते, परंतु व्हिसासाठी मेक्सिकोच्या दूतावासाशी किंवा वाणिज्य दूतावासाशी व्यवहार करावा लागतो. विनामोबदला सेवेसाठी एकशेऐंशी दिवसांपर्यंत राहायचे असेल तर कमाईची परवानगी नसलेला अभ्यागत व्हिसा पुरतो. त्याहून अधिक काळ राहायचे असल्यास तात्पुरत्या निवासाचा व्हिसा घ्यावा लागतो, आणि तो घेऊन मेक्सिकोत उतरल्यापासून तीस दिवसांच्या आत तेथील इमिग्रेशन कार्यालयात जाऊन निवासी कार्डासाठी अर्ज करावा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा हाती असलेल्यांना अल्पकाळासाठी मेक्सिकोचा स्वतंत्र व्हिसा लागत नाही. त्याचबरोबर, अमेरिकेमार्गे विमान घ्यायचे तर केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो, म्हणून तो नसणाऱ्यांनी युरोपमार्गे जाणारे तिकीट काढावे. मेक्सिको सिटीला उतरल्यावर अधिकारी किती दिवसांची मुदत देतो ते खिडकी सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे, कारण दर वेळी पूर्ण एकशेऐंशी दिवस मिळतातच असे नाही.

आपल्या भागातील अर्जदारांची खरी अडचण वेगळीच असते. जन्मदाखला कर्नाटकातील ग्रामपंचायतीचा व कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, असा संच इकडे घरोघरी सापडतो. परदेशात चालणारे साक्षांकन ज्या राज्याने कागद दिला त्या राज्यातून सुरू होते, त्यामुळे एकाच माणसाला बंगळूर आणि मुंबई अशा दोन्ही दिशांना हेलपाटे पडू शकतात. कागद मागवण्यापूर्वी नेमके कोणते कागद हवेत हे मिशनकडून आणि दूतावासाकडून लेखी विचारून घ्यावे, म्हणजे निम्मी धावपळ वाचते. जुन्या कागदांवर ‘बेळगाम’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’ असते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले, हे अर्जासोबतच्या पत्रात एका वाक्यात नमूद केलेले बरे. आडनाव, वडिलांचे नाव आणि आद्याक्षरे यांचा क्रम सर्व कागदांवर एकसारखा आहे ना, हेही आधीच तपासावे. कॅथलिक मिशनवर जाणाऱ्यांनी आपल्या धर्मग्रामाच्या फादरांचे शिफारसपत्र घ्यावे. इतर धर्मीयांनाही काही मिशने घेतात, परंतु प्रार्थनेच्या वेळी आपण काय करणार आणि काय करणार नाही, याची स्पष्टता पत्रव्यवहारातच असावी.

भाषा

निघण्यापूर्वी किमान सहा महिने स्पॅनिश शिकावे. दिल्लीतील इन्स्टिट्यूटो सर्वांतेसचे ऑनलाइन वर्ग घरबसल्या करता येतात. मराठी बोलणाऱ्यांना स्पॅनिशमधील त आणि द मुळीच अवघड जात नाहीत, अवघड जातात ती क्रियापदांची रूपे. मात्र गावात पोचल्यावर असे लक्षात येते की स्पॅनिश ही शाळेची, दवाखान्याची आणि कचेरीची भाषा असून चुलीपाशी त्सेल्ताल बोलली जाते, आणि कित्येक वृद्ध स्त्रियांना स्पॅनिश येतही नाही. मेक्सिकोने २००३ च्या कायद्याने आदिवासी भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली आणि अशा ६८ भाषांची सरकारी नोंद आहे, तरीही कचेरीच्या खिडकीवर काय घडते ते सीमाभागातील माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. घरात मराठी, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कन्नड, बाजारात दोन्ही आणि जोडीला कोकणी किंवा हिंदी, या सवयीत वाढलेल्या स्वयंसेवकाकडे येथे एक मोठी शिदोरी असते: न कळणाऱ्या बोलण्यात अवघडून न जाता बसून राहण्याची. ती वापरावी. आपल्या सीमाप्रश्नाची कहाणी मात्र त्यांना ऐकवत बसू नये, कारण त्यांच्या प्रश्नाचा इतिहास निराळा आहे आणि तो आधी ऐकून घेण्याची पाळी आपली असते.

दिवस कसा जातो

दिवस पहाटे, अंधारातच सुरू होतो. आदल्या संध्याकाळी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवलेले असतात. चुना म्हणजे आपण विड्याच्या पानाला लावतो तोच. पहाटे ते दाणे दोन-तीन पाण्यांतून चोळून धुतात, तेव्हा वरचे साल सुटून बोटांना बुळबुळीत लागते आणि पाणी पिवळसर होते. मग बादली गावातल्या गिरणीवर जाते, दळलेले पीठ घरी येते, आणि काही घरांत ते मेताते नावाच्या उतरत्या दगडी पाट्यावर पुन्हा एकदा बारीक वाटले जाते. या चुन्यामुळे पीठ चिवट होते आणि मक्यातील नायासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि तेथे मक्यावरच जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा रोग पसरला. कोमाल नावाच्या तव्यावर तोर्तिया टाकून नुसत्या बोटांनी उलटतात. ज्यांना ज्वारीची भाकरी थापता येते त्यांनी हाताला सवय आहे म्हणून पहिल्याच दिवशी पुढे सरसावू नये, कारण मक्याचे ओले पीठ हातात वेगळे वागते आणि चूल ही त्या घरच्या बाईच्या मुखत्यारीची जागा असते. बादली घेऊन गिरणीच्या रांगेत उभे राहणे, लाकडे आणणे आणि दाणे धुणे ही नवख्याची कामे होत. पुरुष स्वयंसेवकांनीही ती करावीत, मात्र घरच्यांच्या भुवया किती उंचावतात हे पाहून.

न्याहारीला तोर्तिया, काळा घेवडा आणि कॉफी. मांसाहार न करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: घेवड्याला बऱ्याचदा डुकराच्या चरबीची फोडणी असते, आणि ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर चरबी त्यात धरली जात नाही. ती नको असल्यास स्वतंत्रपणे आणि पहिल्याच दिवशी सांगावे. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा मोठ्या बाटलीतले असावे, नळाचे पिऊ नये. शेतावर जाताना पोसोल, म्हणजे मक्याचे पीठ पाण्यात कालवून केलेले पेय, बरोबर असते. दुपारच्या उन्हात तेच जेवण. ते आंबूस झालेले असले तरी नाक मुरडू नये, कारण अनेकांना ते तसेच आवडते.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गेलात तर दिवसाचा मोठा भाग कॉफीच्या तोडणीत जाण्याची शक्यता आहे. फक्त लाल झालेली फळेच, देठाला धक्का न लावता, एकेक करून तोडायची असतात, आणि हिरवी फळे मिसळली तर पुढे सगळ्या मालाची चव बिघडते. तोडलेली फळे त्याच दिवशी सोलून आंबवायला ठेवतात, मग धुऊन अंगणात वाळवतात, आणि पाऊस आला की घरातील सर्वजण ती गोळा करायला धावतात. पावसाळ्यात मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात एकत्र वाढतात, आणि तेथे खुरपणी असते. खानापूरकडील मुलांना चिखल आणि जळवा नवीन नसल्यामुळे ती शहरी स्वयंसेवकांपेक्षा लवकर रुळतात, असे म्हणायला हरकत नाही.

मुलांना इंग्रजी किंवा संगणक शिकवण्याची योजना अनेकजण सोबत नेतात. मिशनने मागितली असेल तरच ती बाहेर काढावी. पहिले काही आठवडे तरी गोदामातील पोती मोजणे, वही लिहिणे आणि दूरच्या वाडीवर जाणाऱ्या सिस्टरबरोबर सामान उचलून चालणे, एवढ्यावर समाधान मानावे. गावच्या सभा तासन्‌तास चालतात आणि सर्वांचे मत जुळेपर्यंत उठत नाहीत. तेथे स्वयंसेवकाला मत नसते आणि कंटाळा दाखवण्याची मुभाही नसते.

रविवारची मिस्सा आपल्याकडच्यापेक्षा बरीच लांब असते. जमिनीवर पाइनची हिरवी पाती अंथरलेली असतात, कोपाल धूप जळत असतो, आणि विवाहित आदिवासी उपयाजक, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे सेवक, आपापल्या पत्नीसह वेदीपाशी उभे असतात. ही उपयाजकांची परंपरा चियापासमधील सान क्रिस्तोबाल शहराचे बिशप सामुएल रुइस यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९६० ते २००० या काळात, वाढली. चियापासच्या डोंगराळ भागात अनेक ठिकाणी लहानांनी वडीलधाऱ्यांपुढे मान झुकवायची आणि त्यांनी हाताने कपाळाला स्पर्श करायचा, अशी भेटण्याची रीत आहे. वाकून नमस्कार करणाऱ्यांना ती लगेच जमेल. फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि सान हुआन चामुला या गावच्या चर्चमध्ये तर कॅमेरा बाहेरच काढू नये.

कुठून आलात, असे विचारले जाईल आणि भारत फार लांब वाटेल. अशा वेळी वसईचे संत गोन्सालो गार्सिया कामी येतात. मेक्सिको सिटीत जन्मलेले संत फेलिपे दे हेसूस आणि आपले गोन्सालो यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत एकाच वेळी क्रुसावर चढवले गेले आणि १८६२ मध्ये दोघांना एकत्रच संतपद मिळाले. फेलिपे यांचे नाव तेथे बहुतेकांना ठाऊक असते.

सुरक्षितता आणि मर्यादा

या बाबतीत घरच्यांना खोटा दिलासा देऊ नये. जून २०२२ मध्ये तारौमारा भागातील सेरोकावी येथे दोन वृद्ध जेझुइट फादरांची चर्चमध्येच हत्या झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सान क्रिस्तोबाल शहरात फादर मार्सेलो पेरेस या त्सोत्सिल आदिवासी समाजातील धर्मगुरूंना मिस्सेनंतर गोळ्या घातल्या गेल्या. टोळ्यांच्या भांडणात खेडी भरडली जातात. तेव्हा रात्रीचा प्रवास नाही, एकट्याने अनोळखी वाट नाही, आणि मिशनने ‘आज बाहेर पडू नका’ म्हटले की चर्चा नाही. सान क्रिस्तोबाल ते ओकोसिंगो या रस्त्यावर गावकरी अधूनमधून नाकाबंदी करतात. तेथे वाद न घालता चालक काय करतो ते पाहावे. १ जानेवारी १९९४ रोजी आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या झापातिस्ता संघटनेचा उठाव झाला तो याच भागात, त्यामुळे त्यांच्या वस्त्यांच्या पाट्या आणि पहारे यांचे फोटो काढणे अंगलट येऊ शकते. मेक्सिकोच्या राज्यघटनेचे कलम ३३ परकीयांना तेथील राजकारणात भाग घेण्यास मनाई करते. मोर्चा कितीही न्याय्य वाटला तरी हातात फलक घेऊ नये, कारण त्याची झळ मिशनलाही बसते.

सामान थोडे न्यावे. तेथे वीज १२७ व्होल्टची असते, त्यामुळे इकडचा मिक्सर किंवा इस्त्री नेऊन उपयोग नाही. मोबाइलचा चार्जर चालतो, फक्त चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. बियाणे अजिबात नेऊ नये आणि कुंद्याचा डबाही घरीच ठेवावा, कारण विमानतळावरील शेतमाल तपासणीत असे पदार्थ अडकतात. भेट म्हणून आपल्या घराचे, शेताचे, गावच्या बाजाराचे छापील फोटो न्यावेत. ते हातोहात फिरतात आणि भाषा तोडकी असली तरी त्यावर तासभर गप्पा होतात. घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असते, म्हणून बेळगावात रविवारी सकाळी साडेआठला मिस्सेहून परतलेल्या आईला फोन करायचा तर तेथे शनिवारी रात्रीचे नऊ वाजलेले असतात. वाडीवर नेटवर्क नसते, तेव्हा फोनचा वार ठरवून ठेवावा आणि एखादा आठवडा चुकला तरी घाबरू नये, असे घरी आधीच सांगून निघावे.

परतीची तारीख मिशनला आणि ज्यांच्या घरी राहिलात त्यांना महिनाभर आधी सांगावी, आपल्याकडच्या वह्या व किल्ल्या दुसऱ्या कोणाच्या हाती रीतसर द्याव्यात, आणि निरोपाच्या जेवणात भावनेच्या भरात कोणाच्या शिक्षणाचा खर्च अंगावर घेऊ नये. पैसे पाठवायचेच असतील तर ते घरी परतून, मिशनच्या कार्यालयामार्फत आणि कोणा एका कुटुंबाचे नाव न घालता पाठवावेत.