चेतकचा पत्रा आणि ११,००० फेरे

आयटीआयला फिटर करून मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला एका गॅरेजात लागलो. काम जुन्या स्कूटर पुन्हा उभ्या करायचं. पहिल्या आठवड्यात हातात आलं ते चार इंची ग्राइंडर, म्हणजे फिरत्या चकतीने पत्रा कापायचं आणि घासायचं मशीन. त्यात काय शिकायचं, बटण दाबलं की फिरतं, असंच मला वाटायचं.

चार इंची चकती मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. हिशेब केलात तर तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वर पळत असते. आणि ती आपल्या बोटांपासून वीतभर लांब. म्हणून चकतीवर छापलेला फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा कमी नको. गार्ड (चकतीवरचं झाकण) काढून चारच्या जागी पाच इंची चकती बसवणारे, किंवा लाकूड कापायला दातेरी पातं लावणारे बहाद्दर तुम्हाला भेटतीलच. त्यांचं ऐकू नका.

माझं पहिलं काम होतं जुन्या बजाज चेतक स्कूटरचा तळ. या गाडीला वेगळी चौकट नसते, पत्र्याचं अंगच सगळा भार घेतं. त्यामुळे पाय ठेवायच्या जागी गंज लागला की तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. कापता कापता शेवटचे दोन इंच राहिले, सुटत आलेला तुकडा स्वतःच्या वजनाने खाली झुकला आणि त्याने चकती चिमटीत धरली. मशीन एका हिसक्यात माझ्या पोटाकडे आलं. चामड्याचा एप्रन फाटला, मी वाचलो. तेव्हापासून सुटणाऱ्या तुकड्याला आधी टेकू देतो, बाजूचं हँडल काढत नाही आणि चकतीच्या रेषेत उभा राहत नाही. पातळ कटिंग व्हीलने बाजूने घासणं तर बंदच. घासायला फ्लॅप डिस्क, म्हणजे सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती असते.

पण खरी भीती मला ग्राइंडर हातात नसताना बसली. कापता कापता लाइट गेली. मी मशीन बाकावर ठेवलं आणि चहाला गेलो. सरकत्या बटणाचा खटका चालूच राहिला होता. दहा मिनिटांनी लाइट आली आणि ग्राइंडर आपोआप बाकावर नाचायला लागला, खाली पडला, चकतीचे तीन तुकडे झाले. एक पत्र्याच्या दारात रुतून बसला. माणूस नव्हता तिथे, एवढंच. मामा (आमचे मिस्त्री) एवढंच म्हणाले, "लाइट गेली की आधी पिन काढायची, मग शिव्या द्यायच्या." चकती बदलतानाही तेच: आधी पिन, मग पाना.

ग्राइंडरला लावायच्या वायर ब्रशला लोक गरीब समजतात. त्याच्या तारा सुटून उडतात. एकदा एक तार माझ्या जीन्समध्ये सुईसारखी उभी सापडली. गॉगलवर तोंडाची ढाल घालाच. हातातल्या ग्राइंडरला चामड्याचे हातमोजे चालतात, पण बेंच ग्राइंडर आणि ड्रिलला सुती मोजे नकोत, धागा अडकला की हात आत जातो. कडं, अंगठी, इअरफोनची वायर हे सगळं खिशात.

एक्झॉस्ट पोर्टमधला (इंजिनातून धूर बाहेर पडायच्या वाटेतला) कार्बन काढायला डाय ग्राइंडर वापरतो. हे छोटंसं मशीन २५,००० फेऱ्यांच्या घरात पळतं. कार्बाइड बरची (कोरायच्या कडक दातेरी टोकाची) दांडी कॉलेटमध्ये, म्हणजे ती धरणाऱ्या चिमट्यात, पुरेशी आत घातली नाही तर ती वाकते आणि मशीन हातात थयथयाट करतं. इंजिनाच्या अॅल्युमिनियमवर घासायचा दगड लावू नका, तो गच्च भरतो.

सीटखालची पेट्रोलची टाकी मात्र ठिणगी पाडण्याआधी उतरवून लांब ठेवा. रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आतली वाफच पेटते.

चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना आणि साल छापलेलं असतं, ते बघून घ्या. आमच्याकडच्या पावसाळ्यात चकत्या ओल धरतात, म्हणून त्या कपाटात आडव्या, कोरड्या ठेवतो. मुदत संपलेली किंवा हातातून पडलेली चकती मामा हातोडीने फोडून टाकायला लावतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणीतरी तीच उचलतं. गेल्या जुलैत मी सात फोडल्या.