कार्डाचं कर्ज सेटल करायचंय आणि नावावर फ्लॅट आहे? आधी हा हिशोब करा

होम लोनचा हप्ता कसाबसा जातोय, पण क्रेडिट कार्डं आणि पर्सनल लोन थकलीत, हे चित्र आपल्या ठाण्या-नवी मुंबईत घरटी नाही तरी बिल्डिंगटी एक तरी सापडेल. सेटलमेंटचा, म्हणजे बँकेशी बोलून थकलेलं कर्ज कमी रकमेत मिटवायचा, विषय निघाला की पहिला प्रश्न एकच असतो, फ्लॅट जाईल का? माझ्या मावसभावाचं कामोठ्यात हेच झालं, तीन कार्डं आणि एक पर्सनल लोन मिळून साडेनऊ लाख, आणि वसुलीवाला फोनवर सांगायचा की उद्या येऊन घराला सील लावतो. वहिनी आठवडाभर दिवसासुद्धा आतून कडी लावून बसायची, बेल वाजली की आधी मुलाला गप्प करायची. ते बघवत नव्हतं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट, कार्डवाली बँक थेट घराला हात लावू शकत नाही. कार्ड आणि पर्सनल लोनला घर तारण नसतं, त्यामुळे त्यांना आधी कोर्टात दावा लावायचा, हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा कोर्टाचा आदेश, मिळवायचा आणि मग जप्तीचा अर्ज करायचा. तेही फक्त तुमच्या हिश्श्यावर, आणि होम लोनवाल्या बँकेचे पैसे आधी सुटणार. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण म्हणून घर एकदम सेफ असंही समजू नका, हुकूमनामा झाला तर तुमचा राहता फ्लॅट आहे एवढ्यावर जप्ती थांबत नाही.

खरा धोका दुसरीकडे असतो. होम लोन ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं, मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते, आणि त्यानंतर घराचा ताबा घ्यायला त्या बँकेला दावा लावून हुकूमनामा आणावा लागत नाही. म्हणून पैसे कमी पडत असतील तर हप्ता आधी घराचा, कार्ड नंतर. लोक नेमकं उलटं करतात, कारण कार्डवाले जास्त फोन करतात.

आता हिशोब. आम्ही सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाच्या मागे पेन्सिलीने मांडला होता. ब्रोकर म्हणाला फ्लॅट ७० लाखाचा, पण घाईत विकला तर ६५. होम लोनची बाकी ॲपवर बघू नका, बँकेकडून फोरक्लोजर लेटर मागा, त्यात त्या तारखेपर्यंतचं व्याज धरून आकडा येतो, भावाचा ४१ आला. राहिले २४. त्यातून ब्रोकरेज, सोसायटीची थकबाकी आणि नवी मुंबईत जमीन सिडकोच्या लीजची असेल तर सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस, हे सगळं मिळून आम्ही दीड लाख धरले. साडेबावीस. फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणून भावाचे सव्वाअकरा. कॅपिटल गेनचा टॅक्स बसत असेल तर तो अजून वेगळा. म्हणजे ७० लाखाचं घर, पण त्याचं स्वतःचं म्हणावं ते एवढंच, आणि हा आकडा माहीत नसताना सेटलमेंटला बसणं म्हणजे डोळ्याला पट्टी बांधून सौदा करणं.

हा आकडा कर्जापेक्षा बराच कमी असेल तर मुद्दलात सूट मागायला जोर येतो, बँकेला कळतं की कोर्टात जाऊनही फारसं हाती लागणार नाही. कर्जाएवढा किंवा जास्त असेल तर मोठ्या सुटीची आशा धरू नका, तिथे व्याज आणि लेट फी माफ करून मुद्दल हप्त्यांत द्यायचं बोला. लपवाछपवी करू नका, तुमचं होम लोन सिबिलमध्ये, म्हणजे कर्जांच्या नोंदींच्या रिपोर्टमध्ये, दिसतंच. हिशोबाचा कागद, सॅलरी स्लिप आणि एक साधं पत्र, एवढं द्या. भावाचं अशाच बोलण्यातून सगळ्यांचं मिळून सात लाखात आणि दहा हप्त्यांत जमलं, पहिला हप्ता त्याने गाडी विकून भरला.

मधेच कुणीतरी टॉप-अप सुचवेल, म्हणजे चालू होम लोनवरच आणखी कर्ज काढून कार्डं फेडायची. कार्डाचं व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास आणि टॉप-अपचं होम लोनच्या जवळपास, त्यामुळे ऐकायला बरं वाटतं, पण जे कर्ज घराला चिकटलेलं नव्हतं ते आपण स्वतः नेऊन चिकटवतो. वाढलेला हप्ता आरामात झेपणार असेल आणि कार्डं त्याच दिवशी बंद करणार असाल तरच घ्या, नाहीतर माझ्या मते अजिबात नको.

आणि फ्लॅट घाईघाईने बायकोच्या किंवा मुलाच्या नावावर गिफ्ट करायचा सल्ला तर मनावरच घेऊ नका. कर्ज देणाऱ्यांना बुडवायला केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली कोर्ट रद्द करू शकतं, वर तुमची नियत खराब दिसते ती वेगळीच.

कार्ड आणि होम लोन एकाच बँकेचं असेल तर होम लोनचं ॲग्रीमेंट काढून नीट वाचा, इतर थकबाकी फिटेपर्यंत घराचे पेपर अडवून ठेवायची अट त्यात असू शकते. तशी काही थकबाकी नसेल तर होम लोन फिटल्यावर ३० दिवसांत मूळ पेपर परत द्यायचा नियम आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५००० रुपये भरपाई.

जमलं की सेटलमेंट लेटर बँकेच्या लेटरहेडवर घ्या, त्यात खाते नंबर, रक्कम, तारखा आणि फुल अँड फायनल हे शब्द हवेतच. पैसे फक्त लोन किंवा कार्डाच्या खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. मॅटर कोर्टात गेलं असेल तर लोक अदालतीत मिटवा, तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. सिबिलवर मात्र सेटल्ड असा शेरा पडतो, पुढची काही वर्षं नवीन लोन किंवा होम लोनचं बॅलन्स ट्रान्सफर अवघड जातं, ते आधीच धरून चाला.

शेवटचा हप्ता गेल्यावर नो ड्यूज लेटर मागून घ्या, नुसत्या एसएमएसवर थांबू नका. वहिनीने चारही लेटरं फ्लॅटच्या फाईलमध्ये लावलीत, रजिस्ट्रेशनचा इंडेक्स टू आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या मधे.