कुत्र्याच्या शीचा डबा लावताय? या चुका टाळा

सोसायटीत नवा डबा लागला की पहिली चूक जागेचीच होते. ती आम्हीही केली. पार्किंगच्या मागे एक कोपरा होता, तिथे कुणाची खिडकी नव्हती, म्हणून मीटिंगमध्ये कुणी हरकत घेतली नाही आणि पाच मिनिटांत ठराव झाला. महिन्याने डब्यासोबतची, शी उचलायच्या पिशव्यांची पेटी उघडून बघितली. तीन पिशव्या कमी झाल्या होत्या, त्यातल्या दोन मीच नेलेल्या. इकडे फाटकाजवळच्या चाळीस पावलांत एका सकाळी मी अकरा ठिकाणी शी मोजली. रात्रभर घरात कोंडलेलं कुत्रं बाहेर पडल्यावर पहिल्या काही मिनिटांतच मोकळं होतं. ते कमिटीने ठरवलेल्या कोपऱ्यापर्यंत कळ कशी काढणार?

तेव्हापासून डब्याचा खांब आणण्याआधी मी आठवडाभर खडू खिशात ठेवतो. शी दिसली की उचलायची आणि बाजूला गोल काढायचा. सात दिवसांनी गोल जिथे दाटीवाटीने दिसतात, तिथून जवळच पण खिडक्यांपासून लांब डबा लावायचा. ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचेच खांब पुढे उपटून हलवावे लागतात.

दुसरी चूक म्हणजे डबा रिकामा करायचं काम ‘सगळ्यांचं’ ठेवणं. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यातून नवी माशी व्हायला ७ ते १० दिवस पुरतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा रिकामा करणं म्हणजे अगदी जेमतेम. मी सोमवार-गुरुवार धरतो. सफाई कामगाराला आधी विचारा, हातमोजे द्या, जास्तीच्या कामाचे पैसे द्या. गुपचूप त्याच्या गळ्यात मारलेलं काम टिकत नाही, आणि का टिकावं?

बाकी किरकोळ. झाकण आपोआप बंद होणारंच घ्या. नुसती पिशव्यांची पेटी लावून डबा ‘पुढच्या टप्प्यात’ ठेवू नका, गाठ मारलेल्या पिशव्या कुंपणाला लटकतात. खांब तारेने बांधून वेळ मारून नेऊ नका. पिशवीवर ‘विघटनशील’ लिहिलंय म्हणून ती झुडपात फेकायची नसते.

‘खतच होतं की’ हे ऐकून तर कान किटले. कुत्र्याच्या पोटातल्या गोलकृमीची अंडी शीतून मातीत येतात. ताज्या शीतली अंडी लगेच बाधत नाहीत, त्यांना साधारण दोन आठवडे किंवा जास्त लागतात. पण एकदा मातीत मुरली की वर्षानुवर्षं तग धरतात, आणि त्या मातीत मुलं खेळतात. म्हणून त्याच दिवशी उचलायची, आणि भाजीच्या वाफ्यात अजिबात नाही.

पिशव्यांचा जादा साठा वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा. आमचा सेक्रेटरींच्या कपाटात होता. ते दहा दिवस गावाला गेले आणि किल्लीही सोबत गेली.