सिलिकॉन ते मँगनीज ऑक्साइड: घरच्या संगणकावर डीएफटी

डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी) म्हणजे इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म संगणकावर काढायची पद्धत. त्यातला पीबीई हा अंदाज वापरून सिलिकॉनचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भरलेल्या आणि रिकाम्या ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर, काढला की उत्तर ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतं. प्रयोगातला आकडा सामान्य तापमानाला १.१२. एमएस्सीच्या प्रोजेक्टला बसलेला विद्यार्थी इथेच घाबरतो आणि इनपुट फाइलीतले आकडे हलवायला लागतो. खरं तर ०.६ हे पद्धतीचं ठरलेलं चुकणं आहे. उलट पीबीईनं नेमकं १.१ आलं, तर फाइल उघडून बघायची वेळ आली समजा. चूक पद्धतीची की आपली, हे वेगळं करता येणं हीच या कामातली मुख्य कसरत.

सिद्धांत थोडक्यात. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि कोन यांनी दाखवलं, की मूळ अवस्थेतल्या सगळ्या गोष्टी इलेक्ट्रॉनच्या घनतेवरून ठरतात. १९६५ मध्ये कोन आणि शाम यांनी ती घनता काढण्यासाठी सोडवता येतील अशी समीकरणं दिली. त्यात एक्सचेंज-कोरिलेशनचा तुकडा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या एकमेकांवरच्या परिणामातला अवघड भाग, अंदाजानेच भरावा लागतो. पीबीई हा १९९६ चा तसा एक अंदाज. बँड गॅप कमी दाखवायची खोड त्यातूनच येते.

साधन म्हणून क्वांटम एस्प्रेसो हा डीएफटीचा प्रोग्रॅम घ्या. ते फुकट आहे, आणि उबुंटूवर पॅकेज म्हणून एका कमांडने बसतं. सिलिकॉनसाठी चार कोअर आणि ८ जीबी रॅम भरपूर झाली. (कमांड आणि फाइलीतले शब्द इथे उच्चाराप्रमाणे दिलेत, टाइप करताना इंग्रजी लिपीतच करायचे.) सुरुवातीलाच ओएमपी नम थ्रेड्स हा व्हेरिएबल १ करून ठेवा. नाहीतर एमपीआयच्या (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारी यंत्रणा) चार प्रोसेस प्रत्येकी चार धागे सोडतात, चार कोअरवर सोळा जण भांडतात आणि काम वेगात होण्याऐवजी रखडतं.

नागपुरात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला, की लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो आणि वीस मिनिटांचं काम तासभर चालतं. मोठी कामं रात्री लावा. कूलरच्या थेट झोतात मात्र मशीन ठेवू नका, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात. दुसरी गोष्ट विजेची. मध्येच वीज गेली तर रीस्टार्ट होईलच याची खात्री नसते, कारण ती सोय नीट थांबवलेल्या कामासाठी आहे. इनपुट फाइलीत मॅक्स सेकंड्समध्ये वेळ घालून द्या, म्हणजे प्रोग्रॅम वेळेवर सगळं लिहून थांबतो. रीस्टार्ट करताना प्रोसेसची संख्या तीच ठेवायची.

आता सिलिकॉनची फाइल. रचना एफसीसी (घनाचे कोपरे आणि बाजूंचे मध्य यांवर बिंदू असलेली जाळी), म्हणून जाळीचा प्रकार सांगणारा आयब्रॅव २. अणू दोन: एक शून्यावर, दुसरा तिन्ही दिशांना पाव-पाव अंतरावर. जाळीची लांबी ५.४३१ अँगस्ट्रॉम, पण फाइलीतला सेलडीएम ती बोहर या एककात मागतो, म्हणजे १०.२६. इथे ५.४३ लिहिणारे दर वर्षी भेटतात. तसं केलं तर पेशीचं आकारमान जवळपास सातव्या हिश्श्यावर येतं आणि तरीही प्रोग्रॅम निमूटपणे उत्तर देऊ शकतो. पडताळा सोपा आहे: फाइल एक्सक्रिस्डेन या स्फटिकाचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर मोजा. ते २.३५ अँगस्ट्रॉम हवं. १.२४ दिसलं, तर चूक हीच.

स्यूडोपोटेन्शियल, म्हणजे अणुकेंद्र आणि आतले इलेक्ट्रॉन यांच्या जागी वापरायचं सोपं रूप, एसएसएसपी किंवा स्यूडो-डोजोच्या तयार संचातून घ्या. फंक्शनल (एक्सचेंज-कोरिलेशनचा अंदाज) पीबीई असेल तर स्यूडोपोटेन्शियलही पीबीईचंच हवं. कटऑफ म्हणजे हिशोबात घ्यायच्या लहरींची ऊर्जामर्यादा. घनतेचा कटऑफ नॉर्म-कन्झर्व्हिंग जातीच्या स्यूडोपोटेन्शियलला लहरींच्या कटऑफच्या ४ पट, अल्ट्रासॉफ्ट जातीला ८ ते १२ पट. प्रोग्रॅमने ठेवून दिलेला (डीफॉल्ट) आकडा ४ पटीचाच असतो, त्यामुळे अल्ट्रासॉफ्ट घेऊन हा आकडा न लिहिणं ही घडणारी चूक आहे.

मग कन्व्हर्जन्स, म्हणजे आकडे आणखी चढवले तरी उत्तर हलत नाही याची खात्री. कंटाळवाणं काम आहे, पण टाळता येत नाही. कटऑफ २०, ३०, ४०, ५०, ६० रिडबर्ग असा चढवत न्या, के-पॉइंटची (इलेक्ट्रॉनच्या लहरी ज्या नमुना बिंदूंवर तपासतात त्यांची) जाळी ८×८×८ वर बांधून ठेवा आणि दर वेळी एकूण ऊर्जा लिहून घ्या. त्या ऊर्जेच्या नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही, स्यूडोपोटेन्शियल बदललं की तो पार बदलतो. बघायचा तो दोन पायऱ्यांमधला फरक. तो अणूमागे १ मिलिरिडबर्गच्या, म्हणजे १३.६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली गेला की थांबा. मग कटऑफ बांधून जाळी ४, ६, ८, १० अशी चढवा. ॲल्युमिनियमसारख्या धातूला याहून दाट जाळी आणि सोबत ०.०२ रिडबर्गच्या आसपासचं स्मीअरिंग (पट्टे अंशतः भरू देणं) लागतं. नाहीतर फर्मी पातळीजवळचे (भरलेल्या-रिकाम्याच्या सीमेजवळचे) पट्टे भरलेले की रिकामे यावर दर फेरीत धरसोड होते.

एससीएफ (घनता स्थिर होईपर्यंतच्या फेऱ्या) झालं की बँड्स, म्हणजे पट्ट्यांची गणना. प्रिफिक्स आणि आउटडिर (फाइलींचं नाव आणि फोल्डर) एससीएफचेच ठेवा. सिलिकॉनमध्ये आठ संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे चार पट्टे भरलेले. एनबीएनडी (पट्ट्यांची संख्या) ८ दिलं की वरचे चारही दिसतात. के-पॉइंटची वाट एल, गॅमा, एक्स या ठरलेल्या बिंदूंवरून घ्या. भरलेल्या पट्ट्याचं टोक गॅमावर असतं, पण रिकाम्या पट्ट्याचा तळ एक्सवर नसतो. तो गॅमा-एक्सच्या वाटेवर साधारण ८५ टक्क्यांवर असतो. ८×८×८ च्या जाळीत त्या वाटेवर ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के एवढेच बिंदू येतात. म्हणून एससीएफलाही एनबीएनडी ८ देऊन आउटपुटात छापलेल्या भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांच्या फरकावरून गॅप काढला, तर तो खऱ्या तळापर्यंत पोचतच नाही आणि थोडा जास्त दिसतो. वाटेवर ४० बिंदू द्या, तळ आपोआप सापडेल.

आलेख काढताना शून्य भरलेल्या पट्ट्याच्या टोकावर ठेवा. डीओएस (कोणत्या ऊर्जेला किती अवस्था आहेत याचा आलेख) हवा असेल तर दाट जाळीवर वेगळं एनएससीएफ (घनता तीच ठेवून केलेली गणना) करा. बँड्सनंतर लगेच त्याच आउटडिरमधून डीओएस काढला, तर प्रोग्रॅम वाटेवरचेच बिंदू उचलतो. आलेख निघतो, पण त्याला काही अर्थ नसतो.

सिलिकॉन जमलं की आपल्या भागातली वस्तू घ्या: मँगनीज. मँगनीज खाणींची सरकारी कंपनी मॉयल हिचं मुख्यालय नागपुरात, आणि मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी याच जिल्ह्यात. खाणीतलं धातुक म्हणजे ब्राउनाइट, पायरोलुसाइट वगैरे खनिजांची खिचडी. शिकायला मात्र साधं एमएनओ (मँगनीज ऑक्साइड) बरं. मिठासारखी रचना, लांबी ४.४४५ अँगस्ट्रॉम. डीएफटी कुठे दगा देते हे त्यात लख्ख दिसतं.

आधी चुंबकत्व न घालता चालवून बघा. एक मँगनीज आणि एक ऑक्सिजन मिळून ३३ इलेक्ट्रॉन, विषम. जोड्या लावल्या तरी एक पट्टा अर्धा राहणारच, म्हणून उत्तर धातू येतं. प्रत्यक्षात एमएनओ पक्का विद्युतरोधक आहे. खूप कमी तापमानाला त्याच्या १११ प्रतलांमधले (स्फटिकातल्या तिरप्या थरांमधले) स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचे छोटे चुंबक, आळीपाळीने वर-खाली असतात, त्यामुळे पेशी दुप्पट करून दोन मँगनीज, दोन ऑक्सिजन घ्या. दोन्ही मँगनीजना वेगळी नावं द्या, एमएन१ आणि एमएन२, आणि सुरुवातीचं चुंबकत्व अधिक ०.५ व उणे ०.५ ठेवा. एकच नाव दिलं तर उलटसुलट मांडणी सुरूच होऊ शकत नाही. शेवटी एकूण चुंबकत्व शून्य आणि ॲब्सोल्यूट (अधिक-उणे न बघता केलेली बेरीज) ९ च्या आसपास हवं. दोन्ही शून्य आले, तर चुंबकत्व वाटेतच विरलं. फेऱ्या डुलत राहिल्या तर मिक्सिंग बीटा (दर फेरीत नवी घनता किती मिसळायची तो आकडा) ०.७ वरून ०.३ वर आणा.

एवढं करूनही पीबीईचा गॅप साधारण १ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतो. प्रयोग सुमारे ३.६ ते ४ सांगतात. मँगनीजच्या डी इलेक्ट्रॉनना पीबीई गरजेपेक्षा जास्त पसरवते, म्हणून हबर्ड यू, म्हणजे एकाच अणूवरचे डी इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात त्याची दुरुस्ती, घालायचा. क्वांटम एस्प्रेसोच्या ७.१ आणि पुढच्या आवृत्त्यांत त्यासाठी हबर्ड नावाचं वेगळं कार्ड आहे. जुन्या फाइलीतली एलडीए प्लस यूची ओळ तिथे चालत नाही. यू ४ इलेक्ट्रॉनव्होल्ट द्या, आणि दोन्ही मँगनीजना द्या. एकालाच दिला तर सममिती मोडते आणि आकडे भलतेच येतात. गॅप वाढतो, पण प्रयोगाला गाठत नाही. गाठावा म्हणून यू फुगवत नेला, तर ती गणना फर्स्ट प्रिन्सिपल्सची (प्रयोगाचा आकडा न वापरता केलेली) उरत नाही. यू काढायचाच असेल तर क्वांटम एस्प्रेसोच्याच एचपी.एक्स प्रोग्रॅमने काढा आणि अहवालात आकड्यासोबत ऑर्थो-ॲटॉमिक की ॲटॉमिक प्रोजेक्टर (डी इलेक्ट्रॉन मोजायचा साचा) तेही लिहा, कारण प्रोजेक्टर बदलला की त्याच यूचा परिणाम बदलतो.

व्हायव्हात हमखास येणारा प्रश्न: ही उलटसुलट मांडणी ११८ केल्विनच्या, म्हणजे उणे १५५ अंशांच्या खालीच टिकते, मग नागपूरच्या उन्हात एमएनओ धातू का होत नाही? कारण तापल्यावर विस्कटते ती स्पिनची रांग. प्रत्येक मँगनीजवरचं चुंबकत्व तसंच राहतं आणि गॅपही राहतो. चुंबकत्वच काढून टाकलेली ती पहिली फाइल खोलीच्या तापमानातल्या एमएनओचं चित्र नसते.